अर्डिसबाईंनी हात वर केला

नॉरडाल, मिनेसोटा
११ फेब्रुवारी २०१८

प्रिय मार्लिसताई,

तू फोन करतेस तेव्हा मला अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं मी विसरतो. म्हणून लिहितोय. आपल्या गावच्या हॉलवर गदा आलीय. तिघा कारभाऱ्यांच्या डोक्यात शिरलंय की यापुढे हॉलमध्ये मतदान नकोच, सगळ्यांना घरी टपालाने मतपत्रिका पाठवू. मतदार थोडे असले की गावाला तशी मुभा असते म्हणे. आपण तर दोनशेसुद्धा नाही. मतमोजणीचं यंत्र जुनं झालंय, चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधावा लागेल, आणि मतदानावर देखरेख ठेवत दिवसभर बसायला पंच मिळत नाहीत, अशी कारणं देतात. हे शेवटचं ऐकून माझं डोकंच फिरलं. पंच मिळत नाहीत म्हणजे काय? मी मेलोय का? अर्डिसबाई मेल्यात का?

अर्डिसबाई तुला ठाऊक नसतील. तू ऑरेगनला गेल्यावर त्या लग्न होऊन इथे आल्या. शाळेत स्वयंपाकघर सांभाळायच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तळ्याकाठच्या रस्त्याला शेवटचं घर त्यांचं, माझ्यापासून चार मैल. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, एक पंच हत्तीच्या निशाणीवाल्या पक्षाचा तर दुसरा गाढवाच्या निशाणीवाल्यांचा लागतो. मी हत्तीवाला, त्या पक्क्या गाढववाल्या. एकट्याने कशाला हात लावायचा नाही. पेटी उघडायची दोघांनी, सील लावायचं दोघांनी. एखाद्या म्हाताऱ्याला गाडीतून उतरता येत नसेल तर मतपत्रिका घेऊन बाहेर जायचं तेही दोघांनी. मागच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत बाहेर नुसता बर्फाचा चिखल होता. अर्डिसबाईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "व्हर्लिन, मी पडले तर तुमचा पक्ष जिंकला असं समजू नका." पलीकडच्या गाडीतला एमिल म्हातारा इतका हसला की त्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

त्या घरून खजुराच्या वड्या आणतात. मी शेगडी पेटवतो, कॉफी लावतो. दिवसभर लोक येतात, बूट आपटतात, मत देतात, वडी खातात आणि हवेबद्दल कुरकुरतात. मध्ये तास-तास कोणी येत नाही. तेव्हा आम्ही बसून असतो. कधी बोलतो, कधी नाही. राजकारण काढायचं नाही हा नियमच आहे, त्यामुळे बाकी सगळं बोलून होतं. वर्षाकाठी असा एखाददुसराच दिवस येतो. एरवी कुठे भेट होणार? त्या कॅथलिक, त्यांचं चर्च पलीकडच्या गावात. आणि उगाच त्यांच्या रस्त्याला माझी गाडी दिसली तर दुसऱ्या दिवशी दुकानात चर्चा.

हे सगळं तुला लिहिण्याचं तसं काही कारण नाही. मुद्दा हॉलचा आहे. मार्चमधल्या गावसभेत हात वर करून ठरणार आहे. मी तयारी करतोय. बघतोच कसे बंद करतात.

तुझा,
व्हर्लिन


ऑरेगन
२४ फेब्रुवारी २०१८

प्रिय व्हर्लिन,

अरे, काय हा थयथयाट! आम्ही इथे वीस वर्षं टपालानेच मत देतोय. आभाळ कोसळलेलं नाही.

कसं असतं सांगू? आधी माहितीपुस्तिका येते, मग मतपत्रिका. मी आणि वेंडेल स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसतो. तो चष्मा शोधतो, तो त्याच्या डोक्यावरच असतो. एकेका नावावर भांडतो. बंदराच्या समितीवर कोण बसावं यावरून एकदा त्याने दोन दिवस अबोला धरला होता. हॉलमध्ये पडद्यामागे उभं राहून कुणाला असा विचार करता येतो का? एका वर्षी तर कहर झाला, त्याच्या पाकिटावर मी सही केली आणि माझ्यावर त्याने! मतमोजणीच्या कचेरीतून फोन आला. तिथली बाई म्हणाली, नवरा-बायकोंचं हे नेहमीचंच आहे. वेंडेल तिला म्हणाला, "इतकी वर्षं एका छताखाली काढली, आता कोण कोण ते आम्हालाही कळत नाही."

आणि म्हाताऱ्या, आजारी, लांबच्या माणसांचा विचार कर. ज्याला पायरी चढवत नाही त्याने काय करायचं? तुमचं हॉल-हॉल चाललंय ते ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांच्यासाठी.

तरी एक कबूल करते. पाकीट पेटीत टाकून मी परत फिरते तेव्हा कोणी 'काय गं, कशी आहेस' असं विचारत नाही. हॉलमधला तो ओल्या लोकरीचा वास मला अजून येतो कधी कधी, भलत्याच वेळी. मग दिवसभर करमत नाही.

आता तुझ्याकडे वळते. तुझ्या पत्रात यंत्राला एक वाक्य, कारभाऱ्यांना दोन, आणि बाकी सगळ्या अर्डिसबाई! मी तुझी थोरली बहीण आहे, मला शिकवू नकोस. तुला हॉल जायची भीती नाही रे, तुला समोरची खुर्ची जायची भीती आहे. मग बाबा, तिला तसं सांग ना. त्यासाठी निवडणूक आयोगाची परवानगी लागत नाही.

वेंडेल बरा आहे. नमस्कार सांगतो.

तुझी,
मार्लिसताई


नॉरडाल
१४ मार्च २०१८

ताई,

काल सभा झाली. हरलो.

मी उभा राहून बोललो. माझं बोलणं बरं झालं असं एमिल म्हणाला. म्हटलं, इथे माणूस माणसाला तोंड दाखवतो, पलीकडच्या पक्षाचा माणूस शेजारी बसून कॉफी ओततो आणि आपल्या डोळ्यांसमोर पेटीला सील लावतो. त्यावर विश्वास बसतो. टपालाच्या पाकिटावर कुणाचा बसणार? लोक माना डोलावत होते. मला वाटलं, जिंकलो.

मग विचारलं, टपालाच्या बाजूने कोण? आणि पहिला हात कुणाचा वर गेला असेल? अर्डिसबाईंचा! माझ्यासमोरच बसल्या होत्या. निळा स्वेटर, हात सरळ वर. माझ्याकडे बघतसुद्धा होत्या. त्यांचा हात पाहून इतरांचेही उठले. पंचच म्हणतेय नको, मग आपण कशाला अडवायचं, असं झालं असणार. टपाल जिंकलं. मी टोपी उचलली आणि निघालो. त्या दारापर्यंत आल्या आणि "व्हर्लिन, जरा थांबा" म्हणाल्या. मी थांबलो नाही.

इतकी वर्षं समोर बसलो. त्यांना तो दिवस नकोसा होत होता आणि मला पत्ता नव्हता. मी वर्षभर ज्या दिवसाची वाट बघायचो तो त्या कसाबसा उरकत होत्या. मला इतकी लाज वाटली की काल जेवण गेलं नाही.

आणि तू तुझ्या टेबलावरच्या मतदानाचं कौतुक मला पुन्हा सांगू नकोस. बंद दाराआड काय चालतं कोण बघतंय? बायकोची मतपत्रिका नवरा भरतो की नवऱ्याची बायको? वेंडेलचं मत वेंडेल देतो की तू देतेस, ते देवालाच माहीत. मला तर माहीत आहे, लहानपणापासून सगळ्यांचं सगळं तूच ठरवत आलीस.

व्हर्लिन


नॉरडाल
१९ ऑगस्ट २०१८

प्रिय ताई,

पाच महिने झाले, तुझं पत्र नाही. दोनदा फोन केला, तू "हात ओले आहेत, नंतर करते" म्हणालीस आणि केला नाहीस. मागच्या पत्रात मी काहीबाही लिहिलं. रागाच्या भरात होतो. माझा राग तुझ्यावर नव्हता.

या मंगळवारी पक्षांचे उमेदवार ठरवायची आमची प्राथमिक निवडणूक झाली, पहिलीच टपालाची. आपल्याकडे पाकिटावर साक्षीदाराचीही सही लागते. मतपत्रिका कोरी आहे हे आधी त्याला दाखवायचं, मग त्याने पाठ फिरवायची, आपण खुणा करायच्या, पाकीट बंद करायचं, मग दोघांच्या सह्या. घरात दोघं असतील तर सोपं. एकट्या माणसाने काय करायचं? मी मतपत्रिका गाडीत टाकून धान्याच्या कोठारावर गेलो. तिथल्या कार्ल सोरेन्सनने वजनकाट्याशेजारी उभ्या उभ्या सही ठोकली. पाठ फिरवली, पण तेवढ्यात फोनवर मक्याचे भाव बोलत होता. झालं मतदान.

नंतर गाडी आपोआप हॉलकडे गेली. कुलूप होतं. पायरीवर गवत आलंय. मी काचेतून आत बघितलं. टेबल भिंतीला लावून ठेवलंय, खुर्च्या एकावर एक. मला फार एकटं वाटलं, ताई. असं मी कधी कुणाला लिहिलेलं नाही.

मार्चपासून अर्डिसबाईंना भेटलो नाही. दुकानात एकदा दिसल्या. मी दुसऱ्या रांगेत गेलो.

दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

व्हर्लिन


ऑरेगन
३ सप्टेंबर २०१८

प्रिय व्हर्लिन,

शिव्या देणारच होते. पाच महिने जमवत होते. आता उरल्या नाहीत.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. वेंडेल बरा नाही. तीन वर्षं झाली, हळूहळू सगळं विसरत चाललाय. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मुलांची नावं. या वसंतापासून मलाही ओळखत नाही. मला 'बाई' म्हणतो. "बाई, तुम्ही फार कष्ट करता," असं काल म्हणाला. चष्म्याचं, बंदराचं, अबोल्याचं जे तुला लिहिलं ते खोटं नव्हतं, जुनं होतं. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, म्हणून सांगितलं नाही.

मे महिन्यात आमच्याकडे दोन मतपत्रिका आल्या. मी माझी भरली. त्याच्यासमोर त्याची ठेवली, हातात पेन दिलं. त्याने ते कॉफीत घालून ढवळलं. मी पुसून परत दिलं. त्याने परत ढवळलं आणि माझ्याकडे बघून छान हसला.

व्हर्लिन, त्याने कुणाला मत दिलं असतं ते मला शेवटच्या ओळीपर्यंत ठाऊक आहे. बंदराच्या समितीसकट. त्याची सहीही मला येते, त्याच्यापेक्षा बरी येते. भरली असती तर कुणाला कळलं नसतं. आणि ते खोटं मत झालं असतं का? तो शाबूत असता तर हेच देणार होता. पेन हातात घेऊन मी बसले. दार बंद होतं. कोणी बघत नव्हतं. तुझं ते वाक्य तेवढं टेबलावर होतं.

नाही भरली. तुझ्या वाक्यामुळे नाही, त्यामुळे तर हट्टाने भरायला निघाले होते. पण पहिल्या नावासमोर पेन टेकवलं आणि मला वाटलं, आता हा भांडायला हवा. म्हणायला हवा, "मार्लिस, या गाढवाला? शुद्धीवर आहेस का?" मी थांबले, खरोखर थांबून ऐकलं. नाही बोलला. मग ती कोरीच पाकिटात घालून ठेवून दिली आणि माझी एकटीची टाकून आले.

टपाल चांगलं की हॉल चांगला, मला आता काही वाटत नाही. दोन्हीकडे माणूस समोर लागतो.

आता माझं ऐक, मी थोरली आहे. मला एक दिवस कोणी दिला ना, एकच, की वेंडेल समोर बसलाय आणि त्याला मी कोण ते ठाऊक आहे, तर मी या घरासकट सगळं देऊन टाकीन. आणि तुझ्यापासून चार मैलांवर एक शहाणीसुरती बाई आहे, तिला तुझं नाव ठाऊक आहे, तिने दारापर्यंत येऊन तुला थांबा म्हटलं, आणि तू टोपी घालून निघून गेलास! बैला! तिने हात का वर केला ते तिला विचारलंस? स्वतःच ठरवलंस आणि स्वतःच रुसलास. नोव्हेंबरची मतपत्रिका येईल, साक्षीदार लागेल. यावेळी वजनकाट्यावर गेलास तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

मार्लिसताई


नॉरडाल
१४ ऑक्टोबर २०१८

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी कोठीत जाऊन बसलो होतो. वेंडेलबद्दल काय लिहू ते सुचत नाही. ते वाक्य मी लिहायला नको होतं. मला क्षमा कर.

काल गेलो. मतपत्रिका कोटाच्या आतल्या खिशात घेतली. तळ्याच्या रस्त्याला लागल्यावर दोनदा गाडी वळवावीशी वाटली. चाळीस वर्षं सरकारी यंत्राने त्याच रस्त्यावरचा बर्फ ढकललाय मी, पण त्या फाटकातून आत कधी शिरलो नव्हतो.

अर्डिसबाई दारातच उभ्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून आल्या असणार.

"या," म्हणाल्या. "उशीर केलात."

मी म्हटलं, "मतदानाला अजून तीन आठवडे आहेत."

"मी मतदानाचं म्हणत नाहीये."

आत गेलो. टोपी कुठे ठेवावी ते कळेना. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. मी तू सांगितलंस तसं सरळ विचारलं, "मार्चमध्ये हात का वर केलात? माझा कंटाळा आला होता तर तसं सांगायचं."

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "कंटाळा? अहो, वर्षातून एखादा दिवस. तेवढ्यावर तुमचं भागत होतं. माझं भागत नव्हतं."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"हॉल होता तोवर तुम्ही या रस्त्याला फिरकला असता का? दिवस संपला की टोपी घालून 'बरंय, पुढच्या वेळी भेटू' म्हणायचात. मग मी इथे येऊन एकटीच बसायची. म्हटलं, होऊ दे तो हॉल बंद. एकट्या माणसाला साक्षीदार लागतोच. कुठे जाल? ऑगस्टमध्ये केक करून बसले होते. आणि तुम्ही गेलात धान्याच्या कोठारावर! कार्लने मलाच सांगितलं, दात काढून."

"मग तुमच्या पाकिटावर सही कुणाची घेतलीत?"

"टपालवाल्याकडून. दारात उभा करून. केकही त्यानेच खाल्ला."

मी विचारलं, "आणि मी आलोच नसतो तर?"

त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, "तर मग हॉलही गेला असता आणि तुम्हीही. मी माझ्या हाताने घालवला असता. मार्चपासून झोप नाहीये मला, व्हर्लिन."

ताई, मी पंचाहत्तरीला आलो. माझ्यासाठी कुणाची झोप उडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग आम्ही मतदान केलं. दोघंही पंच, नियम मोडायची सोय नाही. आधी त्यांनी आपली कोरी मतपत्रिका मला दाखवली आणि मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे त्यांचं पेन कागदावर चाललेलं ऐकू येत होतं. मला फोनवर ऐकू येत नाही, पण ते आलं. समोर नुसती भिंत. आणि भिंतीकडे बघत मी म्हटलं, "अर्डिस, मला तुमची फार आठवण येते. हॉल बंद झाल्यावर नाही, आधीपासून. दर वर्षी गाडीत बसलो की लगेच सुरू होते."

पेन थांबलं.

"आत्ता बोलू नका," त्या म्हणाल्या. "माझा गोल चुकेल."

 पेन पुन्हा सुरू झालं. मग पाकीट चिकटवल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "झालं. आता इकडे तोंड करा आणि पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हणालो. तोंड करून म्हणायला जास्त वेळ लागला.

माझं मत मी नंतर दिलं, त्यांनी भिंतीकडे बघितलं. कुणाला दिलं ते त्यांना माहीतच आहे, आणि त्यांनी कुणाला दिलं ते मला. दोन्ही मतं एकमेकांना खाऊन टाकणार. सह्या केल्या. निघताना त्या म्हणाल्या, "साक्षीदाराचं काम झालं. आता उद्या काय निमित्त काढाल?"

मी म्हटलं, "काही नाही. नुसता येईन."

आज जाऊन आलो. दुकानासमोरून गेलो, सगळ्यांनी बघितलं. बघू देत.

वेंडेलला हे सगळं सांग. त्याला कळणार नाही, मी कोण तेही कळणार नाही. तरी सांग.

तुझा,
व्हर्लिन


ऑरेगन
२२ ऑक्टोबर २०१८

प्रिय व्हर्लिन,

सांगितलं. काल दुपारी त्याच्याजवळ बसून तुझं पत्र मोठ्याने वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. केकचं आलं तेव्हा तो हसला. तू भिंतीकडे तोंड करून बसलास तिथे मला पुढे वाचवेना, तर म्हणाला, "वाचा ना, बाई. मग काय झालं?"

वाचून संपवलं. त्याने पत्र माझ्या हातातून घेऊन उलटंपालटं बघितलं. मग विचारलं, "मग तो माणूस दुसऱ्या दिवशी गेला का?"

म्हटलं, "गेला."

"बरं केलं," तो म्हणाला. आणि माझा हात धरला. मला वाटतं, त्याने मला ती अर्डिस समजून धरला. शेगडीवर केटली शिट्टी मारत होती, पाणी उकळून आटलं. मी काही उठले नाही.

तुझी,
मार्लिसताई